तेविसावं पान, तिसरा रकाना

तीन अब्ज चौदा कोटी सहासष्ट लाख सोळा हजार सातशे एकोणऐंशी.

हा आकडा मला पाठ आहे. माझा स्वतःचा फोन नंबर विचारलात तर मी वहीत बघून सांगतो, पण हा झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन. तो माझा नव्हे. आमच्या छापखान्यातल्या एका जुळाऱ्याचा आहे. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून उचलणारा आणि त्यांच्या ओळी जुळवणारा माणूस. आता खिळेही गेले आणि जुळारीही. त्याच्याविषयी कोणीतरी चार पानं लिहायला हवी होती. ज्यांना लिहिता येतं ते त्याला ओळखत नव्हते. मी ओळखत होतो, म्हणून हा खटाटोप. यात जिथे चुकेल तिथे माझं चुकलं असं समजावं. तशी मला सवय आहे.

मी त्याच छापखान्यात तपासनीस होतो. जुळाऱ्यानं जुळवलेला मजकूर आधी एका कागदावर उठवत. तो कच्चा कागद मूळ प्रतीशी ताडून बघायचा, चुका समासात लिहायच्या आणि सगळं बरोबर असेल तर खाली लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची. माझी खूण झाल्याशिवाय पान यंत्रावर चढत नसे. आमच्याकडे एक नियम होता, ज्यानं जुळवलं त्यानं तपासायचं नाही. आपली चूक आपल्याला दिसत नाही, असं आमचे जुने फोरमन म्हणत. खरं होतं ते.

त्या जुळाऱ्याला सगळे बाकीराव म्हणत. हे नाव त्याला नंतर पडलं. कसं, ते पुढे येईलच. उंच, पाठीत वाकलेला, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी कायमची काळी. चौथीतून त्याची शाळा सुटली होती. वडील अचानक गेले, आणि दोघा भावांपैकी एकानंच शिकायचं असं घरात ठरलं. थोरला हुशार होता म्हणून तो शिकला. हा छापखान्यात आला. याबद्दल मी त्याला कधी कुरकुरताना ऐकलं नाही. उलट थोरला शाळेत गणिताचा मास्तर झाला, तेव्हा यानंच सगळ्यांना सांगितलं होतं, "आमच्या दादाला फळ्यावर न बघता पाढे म्हणता येतात. एकोणतीसचा पण."

खिळ्यांवर अक्षर उलटं असतं, आरशात दिसतं तसं, त्यामुळे जुळारी उलटं वाचायला शिकतो. बाकीराव उलटं इतकं भराभर वाचायचा की सुलटा कागद हातात दिला तर अडखळायचा. थोरला त्याला त्यावरून चिडवायचा, "तू जेवायलाही शेवटच्या घासापासून सुरुवात करत असशील."

एका वर्षी आमच्याकडे एक विचित्र काम आलं. एक लाखापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांचं पुस्तक. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंही भाग जात नाही. दोन, तीन, पाच, सात, अकरा, अशा एकूण नऊ हजार पाचशे ब्याण्णव. चौसष्ट पानं, दर पानाला पाच रकाने, दर रकान्यात तीस आकडे. नुसते आकडे. बाकी जुळाऱ्यांनी काखा वर केल्या. बाकीरावनं ते काम घेतलं आणि तीन महिने खपून पुरं केलं. मी तपासलं. कामगारांना पुस्तक मिळत नसे, म्हणून माझ्या लाल खुणांचे कच्चे कागदच त्यानं जाड दोऱ्यानं शिवले आणि घरी नेले.

त्या तीन महिन्यांत त्याला त्या संख्यांचं वेड लागलं. डबा खाताना म्हणायचा, "तपासनीस, या आकड्यांना काही शिस्तच नाही बघा. कधी दोन पावलांवर शेजारी, कधी कोसभर कोणी नाही. एकतीस हजार तीनशे सत्त्याण्णव झाला ना, की पुढे चौसष्ट पावलं चालायचं, तेव्हा कुठे पुढचं घर. मी त्याला माळरान म्हणतो."

मी म्हणायचो, "छान." मला आणखी काय सुचणार?

मग एका सुट्टीच्या दिवशी तो थोरल्याकडे जेवायला गेला. तिथे थोरल्याबरोबरचे दोन-तीन मास्तर आले होते. बोलणं कशावरून तरी संख्यांवर आलं आणि याला राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याजवळ त्या लोकांत बोलण्यासारखं काही होतं. तो बोलत गेला, बोलत गेला, आणि बोलण्याच्या भरात म्हणाला, एक्याण्णवलाही कशानं भाग जात नाही.

"सात तेरे?" एक मास्तर म्हणाला.

सगळे हसले. थोरलाही हसला. "अरे, तुझं काम आकडे छापायचं," तो म्हणाला, "ते कळायची जबाबदारी आमच्यावर सोड."

हा ताटावरून उठला. दारात थोरल्याला म्हणाला, "मी शाळा सोडली म्हणून तुला हसता येतंय." हे वाक्य त्यानं वीस वर्षं पोटात ठेवलं होतं की त्याच क्षणी सुचलं, मला माहीत नाही. थोरल्याचा चेहरा पडला. पण लोकांसमोर माघार घेणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यानं टेबलावरचा कागदाचा कपटा ओढला, उभ्या उभ्या काहीतरी आकडेमोड केली, खालचा आकडा फाडून याच्या हातात कोंबला.

"एवढं कळतं ना तुला? मग याचे दोन तुकडे पाडून आण. आणि मग चढ माझी पायरी."

"त्याआधी चढलो तर बापाचं नाव लावणार नाही," हा म्हणाला.

तो हा आकडा.

दुसऱ्या दिवशी कपटा माझ्यासमोर ठेवून बाकीराव म्हणाला, "असे दोन आकडे शोधायचे, की त्यांचा गुणाकार हा येईल. दादा कितीही रागावला तरी गणितात लबाडी करणार नाही. तुकडे असणारच."

त्याच्या मनात सरळ होतं, तुकडे सापडतील त्या दिवशी थोरल्याच्या दारात जायचं, कपटा पुढे करायचा, आणि झालं गेलं मिटवायचं. त्याला जिंकायचं नव्हतं. परत जायचं होतं. हे मी खात्रीनं लिहितो. बाकी फारशा गोष्टींची मला खात्री नाही.

पद्धत त्यानं त्या पुस्तकाच्याच प्रस्तावनेतून घेतली. प्रस्तावना त्यानंच जुळवली होती. दोनापासून सुरुवात करून एकेक मूळ संख्येनं भागत जायचं. मोठा तुकडा आणि लहान तुकडा अशी जोडी असणार, म्हणून वर्गमुळापर्यंत गेलं की पुरे. मला ते समजेना, तेव्हा त्यानं समजावलं, "एक जिना समजा. भाजक खालून वर चढतोय, भागाकार वरून खाली उतरतोय. छप्पन्न हजारांच्या आसपास दोघं एकमेकांना भेटतात. त्यापुढे चढलात तर आधी भेटून गेलेलीच माणसं पुन्हा भेटणार."

छप्पन्न हजारांपर्यंत जवळजवळ पाच हजार सातशे मूळ संख्या आहेत. त्यानं रोज एक भागाकार करायचा असं ठरवलं. मधल्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत संपवायचा, मग दोनशे पानी वहीत एक भागाकार. त्यानं भागायचं, मी उलटा गुणाकार करून ताळा घ्यायचा आणि खाली लाल खूण करायची. ज्यानं जुळवलं त्यानं तपासायचं नाही, हा नियम इथेही होता. सुट्टीच्या दिवशीचा तो घरी करायचा आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे ठेवायचा.

"रोज चार केलेत तर चार वर्षांत संपेल," मी एकदा म्हणालो.

"घाईत आकडा चुकतो, तपासनीस. एक्याण्णव विसरलात का?"

कारकुनाच्या टेबलावर तोवर गणकयंत्र आलं होतं, पण त्यावर आठच आकडे मावत. आपला आकडा दहा आकडी. बाकीरावला त्याचा केवढा अभिमान. "यंत्राच्या खोलीत मावत नाही आमचा पाहुणा," म्हणायचा.

सकाळी आल्या आल्या कोणीतरी ओरडायचं, "काय, आज बाकी किती?" आणि तो गंभीरपणे आदल्या दिवशीची बाकी सांगायचा. त्यावरून बाकीराव. कधी बाकी लहान आली, चाळीस-पन्नास, की अख्खा विभाग हळहळायचा, "अरेरे, थोडक्यात हुकलं!" तसं थोडक्यात वगैरे काही नसतं. जातो किंवा जात नाही. पण लोक चांगले होते.

त्याची बायको तोंडानं फटकळ होती. मी घरी गेलो की म्हणायची, "या भाऊजी. दुसऱ्यांचे नवरे दारू पितात, बाहेरख्याली असतात, त्यांना निदान ओरडता तरी येतं. माझ्या नवऱ्याला भागाकाराचं व्यसन. मी जाऊन सांगू कुणाला?"

"तुला काय त्रास आहे त्याचा?" बाकीराव विचारायचा.

"काही नाही हो. सख्खी जाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि मी तिला बाजारात चोरून भेटते. यात त्रास कसला?"

थोरल्याची बायको बाजारात तिच्याजवळ निरोप द्यायची. भाऊजींना म्हणावं, या एकदा, ते काही मनात ठेवून नाहीत. बाकीराव ऐकून घ्यायचा. "तुकडे घेऊनच जाईन. रिकाम्या हातानं गेलो तर दोघांनाही खाली बघावं लागेल."

अशी सोळा वर्षं गेली. लिहायला एक ओळ लागली. त्याच्या अठ्ठावीस वह्या भरल्या. छापखान्यातले अर्धे लोक बदलले, बाकी किती असं विचारणारे कमी होत गेले, आणि शेवटी मी एकटाच उरलो. पहिली दहा वर्षं तो वाट बघायचा. पुढे पुढे त्याचा चेहरा बदलला. पन्नास हजार ओलांडल्यावर तो भागाकार पूर्ण व्हायच्या आधीच मान हलवायला लागला, जणू बाकी उरणार हे त्याला ठाऊकच होतं.

शेवटचा भाजक छप्पन्न हजार त्र्याण्णव. भागाकार छप्पन्न हजार शहाण्णव. बाकी तेवीस हजार आठशे एक्कावन्न. जिन्यावर दोघे भेटले होते. मी ताळा घेतला आणि खूण केली.

त्यानं त्या खुणेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "तुकडे नव्हतेच."

मी लाल पेन्सिल खिशात ठेवली.

"मूळ संख्या आहे ही. दादानं मला मूळ संख्या दिली, तपासनीस. भागच जाणार नाही असा आकडा. म्हणजे मी कधीच परत येऊ नये, असं त्याला त्या दिवशीच वाटत होतं."

"रागात उचलून दिला असेल कुठलाही."

"दादा गणितात कुठलाही आकडा उचलत नाही."

त्या संध्याकाळी तो थोरल्याकडे जायला निघाला आणि मला बरोबर चला म्हणाला. सोळा वर्षांनी ती पायरी चढायची तर साक्षीदार हवा, असं काहीतरी असेल. एकोणतिसावी वही त्याच्या काखेत होती.

दार वहिनींनी उघडलं. "आलात," एवढंच म्हणाल्या. आत थोरला खिडकीजवळ खुर्चीत बसला होता. वर्षभरापूर्वी त्याला झटका आला होता. उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं, शब्द मोजके. बाकीरावला हे बायकोकडून कळलं होतं, पण कळणं वेगळं आणि बघणं वेगळं. दोन पावलं आत गेला आणि थांबला. मला वाटलं, आता वही खाली पडेल आणि हा भावाला मिठी मारेल. त्याच्या हातांची तशी हालचालही झाली.

पण थोरल्याचं लक्ष वहीकडे गेलं. तो आनंदला. अर्ध्या चेहऱ्यानं हसला. डावा हात पुढे करून म्हणाला, "तुकडे?"

बाकीरावचे हात परत जागेवर गेले.

"तुकडे नाहीत, दादा. एकही भाग जात नाही. सोळा वर्षं बघितलं."

थोरल्यानं मान हलवली. नाही, नाही. "तुकडे... पडतात."

"नाही पडत."

"पडतात!"

"मग सांग कोणते."

थोरला बोलायला गेला. ओठ हलले. "सात," तो म्हणाला. मग पुन्हा "सात," आणि मग रडकुंडीला येऊन तिसऱ्यांदा "सात." डाव्या हातानं भिंतीवरच्या फळीकडे दाखवू लागला. फळीवर औषधांच्या बाटल्या होत्या.

"त्यांच्या गणिताच्या वह्या असायच्या तिथे," वहिनी म्हणाल्या. "मागेच रद्दीत गेल्या. त्यांना आता घराचा नंबरसुद्धा सांगता येत नाही, भाऊजी. सगळ्याला सातच म्हणतात."

"सातानं मी दुसऱ्याच आठवड्यात भागलंय, दादा," बाकीराव म्हणाला. सातानं भागायला त्याला आठवडा लागला नव्हता. तो चौथ्याच दिवशीचा भाजक. पण त्याला स्वतःचं बोलणंही कळत नव्हतं. "आजही तू मलाच चुकीचं ठरवतोस. आजही."

तो वळला आणि पायऱ्या उतरून गेला. थोरला मागून नुसता आवाज करत राहिला, त्यात शब्द नव्हते.

वहिनी मला सोडायला दारापर्यंत आल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "काय होऊन बसलं हे. त्या दिवशी भाऊजी गेल्यावर हे मला म्हणाले होते, दोन दिवसांत येतो बघ परत. त्याला सगळं उलटं वाचायची खोड आहे, शेवटापासून सुरू करेल आणि पहिल्याच फटक्यात सापडेल त्याला. आठवडाभर संध्याकाळचे दारात उभे राहायचे. मग उभं राहणं सोडलं."

मी हो हो म्हणालो आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी चहा पिताना त्या माउलीचं बोलणं मला नीट ऐकू आलं. मी असाच आहे, ऐकलेलं मला दुसऱ्या दिवशी कळतं. शेवटापासून सुरू करेल. पुस्तकातली शेवटची संख्या नव्याण्णव हजार नऊशे एक्याण्णव. ती मला आठवत होती. चौसष्टाव्या पानावरचा शेवटचा आकडा तपासून झाल्यावर किती हायसं वाटलं होतं, म्हणून. छप्पन्न हजारांपलीकडे बघायचं कारणच नसतं, म्हणून त्याच्या जवळ कोणी गेलं नव्हतं.

मी वर्तमानपत्राच्या समासात भागाकार केला. सोपा आहे, एक लाखाला नऊ कमी.

बाकी शून्य.

मी पुन्हा केला. बाकी शून्य. भागाकार एकतीस हजार चारशे एकोणसत्तर.

मला आधी आनंद झाला. हे कबूल करायला हवं. मी टाळी वाजवल्याचं मला आठवतं. मग डोकं चालू लागलं. एकतीस हजार चारशे एकोणसत्तर हा छप्पन्न हजारांच्या खालचा आकडा. तो जिन्यावर भेटायलाच हवा होता. वाटेतच, नवव्या-दहाव्या वर्षी कुठेतरी. बाकीरावनं त्या आकड्यानं भागलं असणार आणि मी ताळा घेतला असणार. मग सापडला कसा नाही?

मी त्याच्या घरी गेलो. तो बाहेर कुठेतरी भटकत होता. बायकोला म्हणालो, ते शिवलेले कागद जरा बघू. तिनं काढून दिले. तेविसावं पान, तिसरा रकाना, खालून पाचवा आकडा. तिथे छापलं होतं एकतीस हजार चारशे एकसष्ट. शेवटी नवाच्या जागी एक. झिजलेला नव आणि एक हे खिळे पेटीतल्या शेजारशेजारच्या घरांत परत टाकताना नेहमी सरमिसळ व्हायची. प्रत्येक छापखान्यात व्हायची. त्यासाठीच तर तपासनीस ठेवतात. वरचा आकडा एकतीस हजार तीनशे सत्त्याण्णव. मध्ये त्याचं ते माळरान. चौसष्ट नव्हे, बहात्तर पावलांचं होतं ते. रकान्याच्या तळाशी माझी लाल खूण होती. ठसठशीत, आत्मविश्वासानं केलेली.

आणि आणखी एक गोष्ट. तीन, एक, चार, सहा, एक. बेरीज पंधरा. पंधराला तिनानं भाग जातो, म्हणजे त्या आकड्यालाही जातो. शाळेतलं पोर सांगेल की ही मूळ संख्या असूच शकत नाही. आम्ही दोघांनी एक अख्खा दिवस त्या आकड्यानं भागण्यात घालवला आणि आमच्या ध्यानात आलं नाही. छापलेलं होतं ना. त्यानं जुळवलेलं, मी तपासलेलं. त्यात चूक कशी असेल?

तो कागद तपासला त्या दिवशी काय झालं होतं, हे मी पुष्कळ आठवून पाहिलं. घरी आजारपण होतं का, भांडण होतं का, डोळे आले होते का. काही आठवत नाही. बहुधा काहीच नव्हतं. साधा दिवस असेल.

आता सांगायचं एवढंच होतं. दोन गल्ल्या चालून जायचं, दोघांना एका खोलीत आणायचं, आणि म्हणायचं, दोघांचंही बरोबर होतं, चूक माझी. थोरल्याला बोलता येत नव्हतं, पण समजत होतं.

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी छापखान्यात बाकीराव मान खाली घालून खिळे जुळवत होता. मी दोनदा त्याच्या खिळ्यांच्या पेटीपाशी जाऊन परतलो. उद्या सांगू म्हटलं. उद्या गर्दीचं काम आलं. परवा तो आला नाही. मग मला वाटू लागलं की आधी कागदावर नीट लिहून काढावं, म्हणजे बोलताना चुकणार नाही. लिहून काढलं. खिशात ठेवलं. असे नऊ दिवस.

नवव्या दिवशी थोरला गेला.

निरोप छापखान्यात आला. फोरमन म्हणाला, "जा रे, निघ." बाकीराव म्हणाला, "ही ओळ पुरी करतो," आणि ओळ पुरी करून दुसरी घेतली. मग तिसरी. तो गेलाच नाही. त्याची बायको गेली. मीही गेलो, मागे उभा राहिलो. वहिनींनी माझ्या मागे बघितलं, आणखी कोणी येतंय का म्हणून.

त्यानंतरच्या दिवशी मधल्या सुट्टीत मी खिशातला कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यानं वाचला. वरची संख्या, खालची संख्या, गुणाकार. ओठ हलवत त्यानं मनातच ताळा घेतला. मग पान आणि रकाना वाचला.

"कधी कळलं?" त्यानं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. काल, असं म्हणता आलं असतं. मला ते वेळेवर सुचलं नाही.

"आपण जाऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी."

त्यानं बोटांच्या पेरांवर मोजलं. नऊ पेरं. "म्हणजे दादा होता."

"होता."

त्यानं डब्याचं झाकण लावलं. डबा भरलेलाच होता. तो उठून खिळ्यांकडे परत गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं लोक म्हणतात. दिली असती तर बरं झालं असतं का, मला माहीत नाही.

पुढे दोन वर्षं आम्ही त्याच खोलीत काम केलं. तो जुळवायचा, मी तपासायचो. कामापुरतं बोलणं व्हायचं. मधल्या सुट्टीत तो खिडकीकडे तोंड करून बसायचा. मग शिसं जाऊन संगणक आले आणि आम्हा दोघांनाही घरी बसवलं. एकदा त्याची बायको बाजारात भेटली. फटकळपणा कुठे गेला होता कोण जाणे. "दिवसभर भिंतीकडे बघत बसतात, भाऊजी," म्हणाली. "काही विचारलं तर मान हलवतात. भागाकार होता तेच बरं होतं."

तो गेला त्याला आता अकरा वर्षं झाली. बायकोनं वह्या आणि शिवलेले कागद माझ्याकडे पाठवले. रद्दीत द्यायला तिचा हात धजेना. कागदांत मी आधी तेविसावं पान उघडलं. तिसऱ्या रकान्यात एकावर बारीक रेघ मारलेली होती आणि समासात नव लिहिला होता, आमच्या धंद्यातल्या पद्धतीप्रमाणे, नीट, सरळ. कधी लिहिला असेल, माहीत नाही. माझ्या लाल खुणेला त्यानं हात लावला नव्हता.

मग सतराव्या वहीतलं ते पान काढलं. भाजक एकतीस हजार चारशे एकसष्ट. भागाकार एक लाख सोळा. बाकी तेरा हजार चारशे तीन. खाली माझी खूण. आज सकाळी मी त्याचा पुन्हा एकदा ताळा घेतला. बरोबर आहे.